एकोणीस जणांचा संप आणि भाऊंचा वाढदिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

दहापैकी चार!

निबंधाचा विषय होता — 'राजकीय नेत्यांनी कामगारांच्या संपात बाजू घ्यावी का?' मी अडीच पानं लिहिली. घ्यावी, घ्यायलाच हवी, नाही घेतली तर त्याला नेता कशाला म्हणायचं — असं सगळं. लिहिताना हात दुखत होता पण छाती भरून आली होती. स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या सरांनी खाली लाल शाईत लिहिलंय : 'भाषण उत्तम. टाळ्याही ऐकू आल्या. निबंध कुठे आहे?'

सदाशिव पेठेत शाईसुद्धा खवचट मिळते.

घरी पप्पांनी विचारलं, "किती पडले?" सांगितलं. "चार म्हंजी पास का?" म्हटलं, या क्लासमध्ये पास-नापास नसतं. "मग चार तरी कशाला दिले?" हे बी.ए.ला शिकवलं नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सर वर्गात म्हणाले, "नेत्याने बाजू घ्यावी की नाही हे तो बघेल. तुमची बाजू परीक्षकाला कळता कामा नये." वहीत उतरवून घेतलं. मग खोडलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या निबंधाला खरंच कोणीतरी उत्तर दिलंय असं वाटतंय. पप्पा संपावर गेले!

पप्पा आणि त्यांच्याबरोबरचे सगळे — एकोणीस जण. फ्लेक्स लावणारे. चौकात पंधरा-वीस फुटांवर लोखंडी सांगाडा असतो, त्यावर चढून फ्लेक्स ताणायचा, चारी बाजूंनी दोरीने बांधायचा, खाली उतरायचं, शिडी खांद्यावर घेऊन पुढच्या चौकात. फ्लेक्स शनिवार पेठेतल्या रंगनाथशेठच्या दुकानात छापला जातो आणि पप्पांची माणसं तो लावतात. तेरा वर्षं.

दिवाळीत दशरथकाका पडले. काका आमच्या शेजारी राहतात, पप्पांचे जोडीदार. शुभेच्छांचा फ्लेक्स बांधताना वाऱ्याने कापड फुगलं आणि काका खाली आले. खुब्याचं हाड. पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं बाकी आहे. भरपाईसाठी पप्पा कामगार कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मालक कोण? पुरावा काय?" पप्पा शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "दशरथ? असा कोणी आमच्याकडे कामाला नाही."

तेरा वर्षं!

म्हणून मागण्या दोनच. प्रत्येकाला कमरेचा पट्टा. आणि प्रत्येकाला ओळखपत्र, त्यावर दुकानाचं नाव. बस. आई म्हणाली, "एवढ्यासाठी संप?" काका खाटेवरून ओरडले (आमची भिंत पातळ आहे), "वहिनी, एवढंच तर देत न्हाईत!"

आता माझी पंचाईत. मी ज्यांच्याकडे काम करते ते रविराजभाऊ — माजी नगरसेवक, आणि त्यांच्या मते भावी आमदार. त्यांच्या संपर्क कार्यालयात मी मजकूर लिहिते. वाढदिवस, दहावा, दहीहंडी, सगळं. क्लासची फी त्यातूनच जाते. म्हणजे आमच्या घरात फ्लेक्सचे शब्द मी लिहिते आणि पप्पा ते वर नेऊन बांधतात. काका ज्या फ्लेक्सवरून पडले तो भाऊंचा होता. 'तेजोमय दिवाळीच्या लखलखत्या शुभेच्छा.' लखलखत्या माझं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेठच्या दुकानावर जुनी पाटी आहेच : 'मजकूर तपासून आणावा. छापल्यावर चूक तुमची.' आज तिच्याखाली नवी आली : 'फ्लेक्स छापून मिळेल. लावणारे रुसले आहेत. कुठे लावायचा ते आपण बघावे.'

पप्पांची माणसं समोरच्या फुटपाथवर सतरंजी टाकून बसली आहेत. पाटी वाचून तेही हसले. हसायचं नव्हतं खरं तर!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज धीर करून भाऊंना सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तोंडातून निघालं एकच — "भाऊ, तुम्ही बाजू घ्या."

"घेतो की," भाऊ म्हणाले. चहात बिस्किट बुडवत होते. "कोणाची?"

सगळं सांगितलं. भाऊ ऐकतात मात्र मनापासून, हे मान्य करायला हवं. काकांचं ऐकून बिस्किट कपातच विरघळलं. म्हणाले, "आपल्या फ्लेक्सवरून पडला? मला कोणी बोललं नाही." मग उभे राहिले. "लिही. भाऊ कष्टकऱ्यांच्या पाठीशी. वीस बाय दहा. मुठीचा फोटो टाक. उद्या सकाळी चौकात लागला पाहिजे!"

मी लिहायला घेतलं. अर्धं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. भाऊंच्याही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"लावणार कोण?" भाऊ हळूच म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाऊंचा वाढदिवस वीस तारखेला आहे. चाळीस फ्लेक्स ठरलेत. हे मला काल आठवलं नव्हतं. भाऊंना आठवलं असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

पप्पांशी भांडण. म्हणजे वाद. आई भांडण म्हणते.

मी म्हटलं, भाऊ संपाला पाठिंबा द्यायला येणार आहेत. मला वाटलं खूश होतील. पप्पा म्हणाले, "कशाला?"

"कशाला म्हणजे? शेठ तुमचं ऐकत नाही, भाऊंचं ऐकेल!"

"ऐकंल. मग ते भाऊंचं ऐकलं असं व्हईल. आमचं कुटं ऐकलं?"

"पण मागणी तर मिळेल ना!"

"नमे, नेता आला की आधी माईक येतो. माईक त्याच्या हातात ऱ्हातो. आपण टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजवायला धा बोटं लागतात, मग मागायला हात कुटला?"

हे पप्पांनी आत्ता सुचून म्हटलं की सतरंजीवर बसून तयार केलं, कळत नाही. मला राग आला कारण ते माझ्या निबंधापेक्षा चांगलं होतं.

पण मी हरलेली नाही. एकोणीस माणसांकडे ना संघटना, ना वकील, ना ओळख. शेठ भाऊंचा दोस्त आहे, सगळे फ्लेक्स त्याच्याकडेच. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने गप्प बसणं म्हणजेसुद्धा बाजू घेणंच — शेठची! हे निबंधात हवं होतं. आत्ता सुचतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊ आले. माईक आला. (पप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढं तरी बघायला हवं होतं.)

चाळीस मिनिटं बोलले. छान बोललेही — अर्धं माझं लिहिलेलं होतं. शेवटी म्हणाले, "मी तुमच्याबरोबर आहे!" टाळ्या. मग रस्ता ओलांडून शेठच्या दुकानात गेले. दारातच उभे राहून बोलले, म्हणून ऐकू आलं. "शेठ, काळजी करू नका. मी तुमच्याबरोबर आहे."

कार्यालयात आल्यावर मी विचारलं, भाऊ, हे काय? ते अजिबात गडबडले नाहीत. "अगं, दोघांच्या मधे रस्ता किती? वीस फूट. मी दोन्हीकडे असू शकतो."

फोटो ग्रुपवर आला. दशरथकाकांना दाखवला. काकांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला. "आपल्यातलं कोन दिसतंय का यात?"

भाऊंच्या खांद्यामागे पप्पांचा कान दिसतोय. उजवा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईने तो फोटो शेजारी दाखवला — "आमचे हे." "कुठे?" "हा काय कान."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊंनी पप्पांना बोलावून घेतलं. मी तिथेच टेबलाशी. आयुष्यात एवढं अवघडून कधी बसले नव्हते.

"मच्छिंद्र, मी तुमच्या बाजूने आहे ना?"

"हाय की, भाऊ."

"मग निदान माझे चाळीस तरी लावा. बाकीच्यांचे नका लावू. संप चालू ठेवा."

पप्पांनी हात जोडले. मग अगदी नम्रपणे, "भाऊ, तुमच्याच फ्लेक्सवरनं दशरथ पडला. वर चढल्यावर फ्लेक्स कुनाच्या बाजूचा हाय ते वारा बगत न्हाय."

भाऊंना राग यायला हवा होता. ते म्हणाले, "हे वाक्य कोणी लिहिलं? नम्रताने?" मी नाही म्हटलं. माझ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

पप्पा गेल्यावर भाऊ खिडकीत उभे राहिले. "पंधरा फूट. त्यात एवढं काय आहे गं? मी लहानपणी दहीहंडीला पाचव्या थरावर होतो." आणि इथे मी जे बोलले ते लिहूनच ठेवते, नंतर नाकारता येऊ नये म्हणून. मी म्हटलं, "मग एकदा चढून बघा ना, भाऊ. बाजू घ्यायचीच तर वरून दिसेल."

मी मनापासून म्हटलं होतं! टोमणा नव्हता. भाऊंचे डोळे चमकले. "व्हिडिओ काढू."

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहिताना अजून हसू येतंय. आणि हसल्याबद्दल वाईट वाटतंय. आणि परत हसू.

सकाळी नऊला चौकात. भाऊ पांढऱ्या कडक कपड्यांत. शिडी आणली, फ्लेक्स आणला. मला मोबाईल धरायला सांगितला. भाऊ शिडीवर भराभर चढले, मान्य करते. सांगाड्याच्या वरच्या आडव्या नळीवर एक पाय टाकला, खांद्यावरच्या फ्लेक्सचं टोक सोडलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मित्रांनो, कामगारांचं दुःख..."

वारा आला.

फ्लेक्स फुगला. भाऊंचाच दहा फुटी चेहरा भाऊंना जाऊन थडकला. भाऊंनी नळीला दोन्ही हातांनी मिठी मारली, फ्लेक्स सुटून खाली रिक्षावर पडला, आणि भाऊ खाली बघते झाले. तीच चूक. पप्पा नेहमी म्हणतात, वर असताना खाली बघायचं नाही.

"भाऊ, या खाली!" मी.

डोळे गच्च मिटलेले.

"भाऊ?"

"मी आहे इथे," भाऊ म्हणाले. आवाज अगदी वेगळा. भाषणातला नव्हता.

मी पळत दुकानासमोरच्या फुटपाथवर गेले. पप्पांनी काही विचारलं नाही, चप्पल काढून निघालेच. मागे बाकीचे सतरा. पप्पा वर चढले, भाऊंच्या मागे उभे राहिले, स्वतःच्या गळ्यातला गमछा भाऊंच्या कमरेभोवती घालून नळीला बांधला.

"भाऊ, पट्टा बांधलाय आता. आता एक पाय सोडा."

"पट्टा आहे?"

"हाय. एकदम पक्का."

गमछा होता तो! लाल, चौकडीचा. पण भाऊंनी पाय सोडला. एक, मग दुसरा. दहा मिनिटं लागली. खाली आल्यावर भाऊ फुटपाथच्या कडेला बसले, पाणी प्यायले, आणि गमछा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"मच्छिंद्र, हे तुम्ही रोज करता?"

"सणासुदीला दिवसाला आठ-धा."

भाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं नोकरी गेली. म्हणाले, "व्हिडिओ डिलीट कर." मग थोड्या वेळाने, "आणि शेठला फोन लाव."

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेठ कबूल!! पट्टे आणि ओळखपत्र, दोन्ही. भाऊंनी काल दुकानात बसून तासभर वाद घातला म्हणे. या वेळी दोन्ही बाजूंना नव्हते — एकाच बाजूला होते! आतून आवाज येत होता, "मी चढलोय तिथे, शेठ! मला सांगू नका!"

आता कोण म्हणतं नेत्यांनी बाजू घेऊ नये? फक्त घ्यायच्या आधी त्यांना पंधरा फूट वर पाठवावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ओळखपत्राचा मजकूर भाऊंनी मलाच दिला. वीस तारखेला वाढदिवसाच्या कार्यक्रमात वाटायचीत, म्हणून घाई. दहा मिनिटांत लिहून टाकला, हात बसलेला आहे. वर भाऊंचं नाव आणि फोटो, मधे कामगाराचा फोटो आणि नाव, मागच्या बाजूला शेठचं दुकान, पत्त्यासकट. दुकानाचं नाव विसरले नाही. तीच तर मागणी होती!

शेठने मजकूर वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. आणि रंगनाथशेठ, ज्यांनी माझ्या लिखाणाला आजवर 'हं' च्या पुढे काही म्हटलेलं नाही, ते म्हणाले, "छान. असाच जाऊ दे."

१९ नोव्हेंबर, बुधवार

संप मागे. चाळीस फ्लेक्स लागले. नव्या नारिंगी पट्ट्यांसह. पप्पा कमरेला पट्टा बांधून घरी आले आणि जेवताना पण काढला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाढदिवस. मंडप, शाल, नारळ, ढोल. अठरा ओळखपत्रं भाऊंनी स्वतःच्या हाताने गळ्यात घातली. एकोणिसावं, दशरथकाकांचं, पप्पांनी घेतलं. फोटोत या वेळी पप्पांचा पूर्ण चेहरा आहे. आई म्हणाली, दोन्ही कान आले.

भाऊ माईकवर म्हणाले, "नेत्याने बाजू घेतली पाहिजे!" माझं वाक्य. लोकांसमोर. खूप टाळ्या. मी पण वाजवल्या, दहा बोटांनी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निबंध पुन्हा लिहून दिला. सगळा अनुभव घातला, नावं न घेता. सात! सरांचा शेरा : 'आता निबंध आहे. निष्कर्षावर घाई झाली आहे.'

जळतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पप्पा काकांचं ओळखपत्र घेऊन कामगार कार्यालयात गेले होते. दुपारीच परत आले. सरळ शेजारी गेले. काकांच्या खाटेशी बसले.

काका पडल्यापासून सगळं वाचतात, औषधाच्या डबीवरचं बारीकसुद्धा. त्यांनी हाक मारली. "नमे, ये. मोठ्यानं वाच."

वाचलं. पुढच्या बाजूला वर : 'रविराजभाऊ मित्र मंडळ, फ्लेक्स कामगार आघाडी.' मधे काकांचा फोटो. नाव. 'सक्रिय सदस्य.'

"आता मागं."

मागच्या बाजूला शेठच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन. आणि नावाच्या वर, छोट्या अक्षरांत, एक शब्द.

शुभेच्छुक.

माझा शब्द. वर नेता, खाली दुसरं कोणी असलं की आम्ही तोच लिहितो. तीन वर्षं लिहितेय. हाताने आपोआप लिहिला. 'मालक' लिहायचं होतं. तिथल्या साहेबांनी पप्पांना विचारलं म्हणे, "हे तुमचे मालक की तुम्हाला शुभेच्छा देणारे?"

शेठने चष्मा का पुसला होता ते आत्ता कळलं.

"नमे, हे तू लिवलंस?" पप्पांनी विचारलं.

हो म्हटलं.

पप्पांनी कार्ड हातात फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाले, "फोटो बरा आलाय दशरथचा."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आधी भाऊंकडे. चूक माझी, दुरुस्त करू, पुन्हा छापू — सगळं सांगितलं. भाऊंना खरंच कळेना. कार्ड उलटसुलट केलं. "अगं, सगळ्यांची नावं आहेत की. माझं आहे, शेठचं आहे, त्यांचं आहे." म्हटलं, भाऊ, तुम्ही मालक नाही. शेठ मालक आहे. तेच तर सिद्ध करायचं होतं. भाऊंनी कार्ड परत उलटं केलं. मग म्हणाले, "पण माझं नाव खाली घेतलं तर लोक विचारतील, भाऊंनी बाजू घेतली ते दिसतच नाही."

वाईट माणूस नाहीत. त्यामुळेच जास्त वाईट वाटलं.

मग शेठकडे. रविवार असून दुकान उघडं होतं. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. फक्त बोटाने वरची पाटी दाखवली. 'मजकूर तपासून आणावा. छापल्यावर चूक तुमची.'

संध्याकाळी पप्पांनी सगळ्यांना बोलावलं. मी आत बसून ऐकत होते. मला वाटलं माझ्या नावाने शंख करतील. पप्पा म्हणाले, "पट्टे आले, ते ऱ्हाऊ द्या. उद्या सतरंजी काढा." कोणीतरी विचारलं, भाऊंना सांगायचं का? पलीकडून, भिंतीतून काका म्हणाले, "सांगा की. म्हनावं, या, पण बिनमाईकचं."

मग पप्पा आत आले. "कागदावर 'मालक' कसं लिवायचं ते तुला म्हाईत हाय आता. कामगार कार्यालयाचा अर्ज तूच लिव."

लिहिला. पाऊण पान. एकही टाळी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी भाऊंचा मेसेज : 'वाढदिवसाच्या आभाराच्या फ्लेक्सचा मजकूर अकरापर्यंत पाठव. वीस बाय दहा.'

बारा वाजलेत. पाठवलेला नाही. सतरंजीच्या टोकाला बसून हे लिहितेय. पप्पा माझ्याकडे न बघता थोडे सरकले. काकांना धरून आम्ही आता वीस आहोत.